खर्जाची उपेक्षा

"ज्या गाण्याचे शब्द कळत नाहींत, तें गाणें ऐकावयाचें तरी कशासाठीं? हा सारा धमधमीचा मोह आहे!" असा शेरा आमच्या एका विद्वान् स्नेह्यांनीं मध्यंतरीं मारला आणि बैठकींतील बहुतेकांनीं माना डोलावल्या. निमित्त होतें आमच्या एका विद्यार्थ्याचें. नंदुरबारांत राहून हा मुलगा जपानी गाणीं ऐकतो, आणि त्यांतहि गाणाराकडे कमी व बेस गिटारकडे अधिक लक्ष देतो, हें ऐकून मंडळींस हंसूं आलें. आम्हींहि त्या वेळीं गप्प बसलों, ही आमची चूक होय. ती येथें दुरुस्त करण्याचा विचार आहे.

त्या मुलानें आम्हांस जें गाणें ऐकविलें, तें मारिया ताकेउची या गायिकेचें १९८४ सालचें 'प्लास्टिक लव्ह'. स्वररचना तिचीच, वाद्ययोजना तिचे पति तात्सुरो यामाशिता यांची, आणि बेस गिटार कोकी इतो यांची. इंग्रजी तुकडे सोडले तर एक शब्दहि आम्हांस कळला नाहीं. पहिल्यानें ऐकतांना आम्हीं संवयीप्रमाणें गळ्याचाच मागोवा घेतला. दुसऱ्यानें ऐकतांना मात्र कान आपोआप खालीं उतरला, आणि मग त्या गाण्याचा सारा डौल कोणाच्या खांद्यावर उभा आहे तें कळून चुकलें. गायिका आपलें दुःख जवळजवळ अलिप्तपणें सांगते. तिनें जी हालचाल टाळली आहे ती सगळी खालच्या तारांत चालली आहे. गळा स्थिर, पाय चालते! शब्द न कळणाऱ्या श्रोत्यास हें गाणें पोंचतें तें या मार्गानें. चाळीस वर्षांपूर्वीचें हें गाणें अलीकडे इंटरनेटवरून जगभर पसरलें; त्याच्या लाखों श्रोत्यांपैकीं बहुतेकांस जपानी येत नाहीं. त्या सर्वांस धमधमीनें वेड लाविलें असें म्हणणें सोपें आहे, परंतु धमधम तर आमच्या गल्लींतहि फुकट मिळते.

बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. इतका खालचा स्वर विद्यार्थ्यांच्या हातांतल्या लहानशा फोनमधून नीट निघतहि नाहीं. त्याचे वरचे उपस्वर तेवढे निघतात आणि मूळ स्वर कान आपल्या पदरचा भरून घेतो. म्हणजे ज्याला आमचे स्नेही 'कानांवरचा आघात' म्हणतात, तो पुष्कळ वेळां ऐकणाराच्या मनानें पुरा केलेला असतो. शिवाय हें वाद्य ताल आणि सूर यांच्या सीमेवर बसलेलें आहे. तें ठेका धरतें आणि त्याच वेळीं वरच्या स्वराचा अर्थ ठरवितें. गायकानें एकच स्वर धरून ठेवला असतां खालचा स्वर बदलला कीं, त्या धरलेल्या स्वराचा रंग पालटतो. हें काम दांडगाईचें नव्हे, निवडीचें आहे. कोठें वाजवावें याहून कोठें थांबावें हें ज्यास कळतें तो बेसवादक चांगला. आंगठ्यानें तारा फटकावून करामत दाखविणारेहि जपानांत आहेत, नाहीं असें नाहीं. त्यांची आम्ही भलावण करीत नाहीं.

पण आम्हांस खरें नवल वाटतें तें हें कीं, खर्जास परकें म्हणणारे हे लोक हिंदुस्थानी संगीताचे अभिमानी आहेत! ज्या तंबोऱ्यापुढें ते हात जोडतात, त्याच्या चार तारांपैकीं शेवटची तार खर्जाचीच ना? ती नीट लागली म्हणजे कोणीं न छेडलेला गंधार तींतून आपोआप ऐकूं येतो, याचें कौतुक ते दर मैफलींत करतात. तबलजीचा डग्गा मनगटाच्या दाबानें घुमतो तेव्हां 'वाहवा' म्हणतात. पहांटे उठून खर्ज भरण्याचा पाठ आमच्या गायकीनें शिकविला. रुद्रवीणेचे झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) काय, सुरबहारच्या अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) काय, दोघांचेंहि वास्तव्य मुंबईच्याच बाजूस होतें, आणि दोघांचींहि वाद्यें गंभीर, खालच्या सप्तकांत रमणारीं. तेथें जो गुण ठरतो तो तोक्योंतून आला कीं दोष कसा ठरतो?

आमच्या मतें हा दोष संगीताचा नसून आमच्या कानांच्या शिष्टाचाराचा आहे. गाणें म्हणजे कवि, संगीतकार आणि गळा, एवढ्यावर आमची यादी संपते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे किती वादक आयुष्यभर राबले! राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ हें नांव किती घरांत ठाऊक आहे? गाणीं मात्र प्रत्येक घरांत पाठ आहेत. अमेरिकेनेंहि याहून बरें वागविलें असें नाहीं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन हा एकाच तर्जनीनें तारा छेडून बेस वाजवी. तबकड्यांवर त्याचें नांव छापलें जाण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. उलट जपानी तबकड्यांबरोबरच्या पत्रकांत कोणत्या गाण्यांत कोणीं काय वाजविलें हें बहुधा छापलेलें असतें. आमचा विद्यार्थी ती नांवें वाचूनच ऐकावयास शिकला. हारुओमी होसोनो हा बेसवादक होता हें त्यास कळतें; आपल्या आवडत्या मराठी गाण्यांत खालच्या तारा कोणाच्या, हें त्यास सांगावयास कोणी नाहीं.

आतां घराजवळची गोष्ट. अक्कलकुवा तालुक्यांतील काठी गांवची राजवाडी होळी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस सातपुड्याचा ढोल सांगावयास नको. कमरेस घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून नाचणारे शेंकडों लोक, आणि त्यांच्यामध्यें गळ्यांत अडकविलेले थोरले ढोल. रात्रभर नाच चालतो आणि पहांटे होळी पेटते. त्या ढोलाचा नाद कानांआधीं छातींत शिरतो. कित्येक तास नाचणारांचीं पावलें जुळतीं ठेवणें हें त्याचें काम आहे. आमच्या सुशिक्षित वर्गानें या वादनास दोन शब्द दिले आहेत: 'आदिवासी गोंगाट'. हाच वर्ग मुलाच्या वरातीपुढें डीजेच्या भिंती उभ्या करतो! ढोल गोंगाट, आणि खिडक्यांच्या कांचा थरथरविणारी भिंत ही प्रतिष्ठा!

येथें एक भेद स्पष्ट करावयास हवा. स्वर खालचा असणें निराळें आणि मोठा असणें निराळें. डीजेंत खर्ज नाहीं, नुसता आवाज आहे. तेथें खालच्या स्वरास चाल नाहीं, थांबणें नाहीं, वरच्या स्वराशीं बोलणें नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागास दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तिचें काय होतें तें वरातीच्या रात्रीं ज्यांच्या घरांत आजारी माणूस असतें त्यांस विचारावें. या भिंतीविरुद्ध आमच्या स्नेह्यांनीं लेखणी उचलली असती तर आम्ही त्यांच्या मागें उभे राहिलों असतों. परंतु त्यांनीं शस्त्र उपसलें तें कानांत यंत्र घालून, कोणास त्रास न देतां, चार तारांचा माग काढणाऱ्या एका पोरावर.

तो पोरगा या फाल्गुनांत काठीस जाऊन आला. ढोल वाजविणारांची नांवें त्यानें वहींत उतरून आणलीं आहेत, आणि कोणत्या ढोलाचा नाद कोणत्याच्या खालीं बसतो याच्या खुणाहि केल्या आहेत. ती वही आम्हीं स्नेह्यांकडे वाचावयास पाठविली. अद्याप परत आलेली नाहीं. येत्या वैशाखांत त्यांच्या घरीं लग्न आहे. डीजेवाल्यास विसार पोंचल्याचें मात्र कळतें.