रोपांची मोजणी आणि रानाची जपणूक

दरवर्षी जुलै उजाडला की वनमहोत्सवाची निमंत्रणे येऊ लागतात. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केलेल्या या उपक्रमामागील हेतू उदात्त आहे, याविषयी दुमत नाही. मीही अनेकदा अशा कार्यक्रमांत खड्ड्यात रोप ठेवून छायाचित्रासाठी उभा राहिलो आहे. पुढल्या मे महिन्यात मात्र त्यांतील एकाही रोपाची विचारपूस करण्यास गेलो नाही, हे प्रांजळपणे कबूल करतो. शस्त्रक्रिया करून रुग्णाला टाके काढण्यासाठीही परत न बोलावणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

आपल्या डिचोली तालुक्यातील डोंगर खनिजासाठी अनेक दशके पोखरले गेले. टाकाऊ मातीचे ढिगारे पावसात वाहून शेतांत आणि ओहोळांत जाऊ नयेत म्हणून त्यांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे अकेशिया, लावण्यात आली. निकस मातीत ती झपाट्याने वाढते, मुळांवाटे नत्रही साठवते. प्रथमोपचार म्हणून तो इलाज योग्यच होता. परंतु प्रथमोपचाराची पट्टी कोणी जन्मभर बांधून ठेवत नाही. तिच्या पाल्याचा जाड थर लवकर कुजत नाही आणि एकाच जातीच्या लागवडीला रानाची सर येत नाही. माती धरली गेली, तेथे आता ही झाडे टप्प्याटप्प्याने विरळ करून किंदळ, नाणा, जांभूळ, भिरंड आणि आपला राज्यवृक्ष माट्टी यांना जागा करून द्यावयास हवी.

पेडण्याची कथा वेगळी आहे. मोपा विमानतळाच्या पर्यावरण परवान्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगिती दिली, ती जानेवारी २०२० मध्ये उठली आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमानांची ये-जा सुरू झाली. विकास हवा की नको, हा वाद येथे उकरून काढायचा नाही. प्रश्न आहे तो तोडलेल्या झाडांच्या भरपाईचा. उघडा सडा दिसला की त्यावर रोपे लावण्याचा मोह होतो. पण सडा म्हणजे ओसाड जमीन नव्हे. पावसाळ्यात तेथे सीतेची आसवे आणि इतर इवल्या वनस्पती फुलतात, कातळाच्या भेगांतून पाणी झिरपून खालच्या झऱ्यांना मिळते. तेथे खड्डे खणून परकी झाडे लावणे म्हणजे निरोगी माणसाला औषध पाजणे होय.

दोन्ही तालुक्यांना समान असा रोग आहे तणाचा. घाणेरी आणि रानमोडी या दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातील वनस्पती. रान तुटले, ऊन जमिनीपर्यंत पोचले की त्या कडेने घुसतात आणि देशी रोपांना डोके वर काढू देत नाहीत. वैद्यकीय मंडळींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर येथे प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ साली सत्तरीतील पाली गावात आणि २०१६ साली पेडणे-डिचोलीला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात आला. काजूच्या बागांत राबणारी माणसे त्याला बळी पडली. हा ताप गोचिडीवाटे पसरतो आणि तुटक्या रानाच्या झुडपाळ कडा गोचिडींना मानवतात. तण काढले की रोग गेला, इतके हे सोपे नाही. परंतु रानाची प्रकृती आणि माणसाची प्रकृती वेगळ्या काढता येत नाहीत, एवढे मात्र खरे.

उपाय काय? सिडनी शहरात जोन आणि आयलीन ब्रॅडली या दोन बहिणींनी १९६० च्या दशकात एक साधी पद्धत घालून दिली. जेथे रान उत्तम आहे तेथून आरंभ करायचा आणि बिघडलेल्या भागाकडे सरकायचे. माती कमीत कमी हलवायची. देशी रोपे जागा भरून काढतील तेवढेच तण काढायचे. जखम निरोगी कडांकडून भरत येते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. घाणेरी नुसती छाटली तर पुन्हा जोमाने फुटते. म्हणून मुख्य मूळ मातीच्या किंचित खाली तोडून झुडूप उलटे ठेवावे, ही दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली रीत आहे. त्यानंतरही काही वर्षे उगवणारी पिले उपटावी लागतात.

निरोगी कडा आपल्याकडे आहेत, त्या देवरायांच्या. शेजारच्या सत्तरीत बांबर येथील निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या कुळातील वृक्ष पाणथळीत उभे आहेत. त्यांची मुळे गुडघ्यांप्रमाणे वर आलेली दिसतात. त्यांच्या बिया वाळल्या की रुजत नाहीत. असे रान एकदा गेले की बाजारातून बियाणे आणून उभे करता येत नाही. पूर्वजांनी देवाच्या धाकाने जे राखले, ते आपण जाणतेपणाने राखावे.

म्हणून एक सूचना करतो. पुढील वर्षी आपल्या संघटनेने हजार रोपांचा संकल्प सोडू नये. गावकऱ्यांची संमती आणि वनखात्याची परवानगी घेऊन एखाद्या राईची कडा पाच वर्षांसाठी दत्तक घ्यावी. पावसाळ्यात चार रविवार तण काढावे, जवळचेच बी वेचून गरजेपुरती रोपे लावावीत आणि उन्हाळ्यात वणव्यापासून तिचे रक्षण करावे. अंगभर कपडे आणि बूट घालावेत. रानात माकड मेलेले आढळल्यास हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे. दरवर्षी याच स्मरणिकेत त्या राईचा केसपेपर छापावा: किती रोपे जगली, किती दगावली आणि का. छायाचित्र पाचव्या वर्षी काढू. तोवर कदाचित आपण झाडांच्या सावलीत उभे असू.