कोरा कागद

टॉमस गर्टिन या इंग्रज चित्रकारानें १८०० सालीं लंडननजीकच्या चेल्सीचें जलरंगचित्र काढिलें. सायंकाळची थेम्स नदी, सर्वत्र निळसर-करडी छाया, आणि कांठावर एकच शुभ्र घर! त्या घरास पांढरा रंग लाविलेला नाहीं. तेथें कागद कोरा राखिला आहे. भोंवतालच्या छायेमुळेंच तो उजळतो. पारदर्शक जलरंगांत उजेड मागाहून चढवितां येत नाहीं. तो आधींच राखावा लागतो.

गर्टिन १८०२ सालीं, अवघा २७ वर्षांचा असतां, वारला. त्यास त्या वयांत जें उमगलें, तें आम्हांस साठीनंतर उमगलें. एका विद्यार्थ्याच्या चित्रांतील कोऱ्या आकाशावर आम्हीं एकदां ‘अपुरें’ असा शेरा मारिला होता. वाचकहो, घरच्या मुलांचीं चित्रें पाहतांना आपण तरी ती घाई करूं नये.