ठेका घ्या, मालक व्हा, म्हणे!



गिरणीत सध्या नवाच मंत्र कानी येतो आहे. साहेब जुन्या कामगाराला कचेरीत बोलावतात, खुर्ची देतात, चहा पाजतात. वीस वर्षांत ज्याला कोणी पाणी विचारलं नाही त्याला चहा! अन् सांगतात, "नोकरीत काय ठेवलंय? राजीनामा द्या, हिशेब घ्या, त्या पैशात दोन जुने माग घरी बसवा. सूत आम्ही देऊ, कापड आम्ही घेऊ. तुम्ही मालक व्हाल!"

मालक! शब्द गोड आहे. आमच्या खामगावात चांदी पारखणारे पुष्कळ. पण ही मालकी कसाला लावून कोणी पाहिली काय?

सूत कोणाचं? त्याचं. कापड कोणाचं? त्याचं. पिकाला किती पैसे मजुरी हे ठरवणार कोण? तोच. मग तुमचं काय? जागा तुमची, विजेचं बिल तुमचं, तुटलेला धोटा तुमचा, डागी कापडाची कपात तुमची. गिरणीत काम नसलं तर ले-ऑफचा अर्धा पगार कायद्याने मागता येतो. घरच्या मागावर बीम आला नाही तर तो कोणाकडे मागणार, बायकोकडे? बिचारी आधीच कांड्या भरून भरून थकलेली, अन् तिची मजुरी तर हिशेबातही धरलेली नाही!

मुंबईचं उदाहरण विसरू नका. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. चिमण्या थंड पडल्या, तरी गिरण्यांच्या शिक्क्याचं कापड बाजारात येतच राहिलं. कुठून? भिवंडीच्या यंत्रमागांवरून! तिथे विणणारा बारा-बारा तास उभा. कारखान्याचा कायदा 1948 चा. तेव्हा विजेवर दहा माणसं भरली की तो लागू व्हायचा. म्हणून एकाच छपराखालचे माग कागदावर भावाच्या, बायकोच्या, मेव्हण्याच्या नावाने वाटलेले. दहा माणसं कुठे भरतच नव्हती! ना फंड, ना हजेरी, ना भरपगारी रजा. आमच्या भावाचा संप आमच्याच दुसऱ्या भावाच्या घामाने मोडला गेला. भिवंडीच्या विणकऱ्याला आम्ही शत्रू मानत नाही. त्याच्या पाठीमागे सुताचं गाठोडं घेऊन जो उभा होता त्याला मानतो.

आता कोणी म्हणेल, इचलकरंजीत कामगाराचे मालक झाले ते काय खोटं? खोटं नाही. पण तिथे सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या, सहकारी बँका उभ्या राहिल्या. सुताला दुसरं दार होतं, पैशाला दुसरं दार होतं. तरीही तिथे मजुरीवर विणणारा आजही व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. आमच्याकडे काय आहे? इंग्रजाने 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत आगगाडी आणली ती आमच्यासाठी नव्हे, कापसासाठी. कापूस वऱ्हाडाचा, सरकी निघाली, गाठी बांधल्या अन् माल परमुलखात. भाव तिकडेच ठरला. आता कापसाचं झालं तेच आमच्या हाताचं करायचं आहे.

स्वतःच्या पायावर उभं राहायला आमचा विरोध नाही. कोणाला हौस आहे गुलामीची? पण उभं राहायचं तर एकेकट्याने नाही. दहा-वीस जणांनी सोसायटी करा, सूत एकत्र घ्या, दोन गिऱ्हाइकं धरा म्हणजे एकाने दर पाडला तर दुसऱ्याकडे जाता येईल. दर कागदावर लिहून घ्या. छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी करा. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. साहेबांनी चहा पाजताना हे सांगितलं काय? काहून सांगतील!

राजीनाम्याचा कागद ज्याच्यापुढे आला असेल त्याने सही करण्याआधी तो युनियनच्या कचेरीत आणावा. ग्रॅच्युइटी, फंड, रजेचे पैसे सगळं त्यात धरलं आहे की नाही ते मांडून पाहू. वाचता येत नसेल तर लाजू नये. आम्हीही चौथीपर्यंतच शिकलो. दोघे मिळून वाचू. पाळी सुटल्यावर दिवा लागलेला असतो.