कानाला खडा

साठी उलटलेल्या माणसाने डोक्यावर काही घ्यायचंच झालं तर टोपी घ्यावी, कर्ज घ्यावं, फार तर नातवंड बसवून घ्यावं. पण स्वस्तातला बिनतारी हेडफोन घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. हे मत मी तेराशे रुपये, दोन महिने आणि बराचसा कान खर्ची घालून बनवलेलं असल्यामुळे ते कुणी फुकटचं समजू नये.

झालं असं, की मला रात्री दहानंतर गाणं ऐकायची खोड आहे आणि सौ.ला रात्री दहानंतर झोपायची. चाळीस वर्षं आम्ही या दोन खोडींचा संसार एकाच खोलीत केला. मध्यंतरी चिरंजीवांनी त्यावर तोडगा काढला. एक खोकं माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "बाबा, ओव्हर-इअर आहे, वायरलेस. चार पूर्णांक दोन स्टार!"

"म्हणजे काय, हॉटेल आहे का रे?"

हॉटेल नव्हतं. खोक्यावर 4,999 हा आकडा छापून त्याच्यावर काट मारलेली होती आणि शेजारी 1,299 लिहिलं होतं. मी आयुष्यभर विमा कचेरीत नुकसानीचे दावे तपासले. कुणी पाच हजाराची वस्तू तेराशेला द्यायला लागला की आमच्या खात्यात आधी त्याच्या गोदामाला आग कधी लागली ते विचारायची पद्धत होती. जुनी सवय जाईना. मी दोनशे पानी वही काढली आणि रकाने आखले : आराम, बांधणी, आवाज.

पहिला रकाना आरामाचा. यंत्राच्या नावापासूनच सुरुवात करू. दहाव्या शतकात हेराल्ड नावाचा एक डॅनिश राजा होऊन गेला. त्याचं टोपणनाव 'निळा दात', म्हणजेच ब्लूटूथ. दाताच्या नावाची विद्या कानाला लावायची, म्हणजे ठणका कुठेतरी लागणारच. तो मला कानाच्या वरच्या पाळीला लागला. कारण 'ओव्हर-इअर' म्हणजे कानाला वेढून बसणारा, असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी आतलं भोक एवढंसं, की कान आत जायच्या ऐवजी वाटी कानावर चढून बसते. पोळपाटाने पुरी दाबावी तशी.

चिरंजीव म्हणाले, "तुमचे कान मोठे आहेत." आहेतच! 1995 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरांनी दोनशेहून अधिक लोकांचे कान पट्टीने मोजून प्रसिद्ध केलं आहे, की माणसाचा कान वर्षाला सरासरी 0.22 मिलिमीटर लांबतो. म्हणजे तिशीतला कान सत्तरीपर्यंत जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो. हे शास्त्राला ठाऊक आहे, कानांच्या मालकांना आरशात दिसतं आहे. फक्त हेडफोन करणाऱ्याला त्याची खबर नाही. त्याच्या हिशेबी जगातली सगळी डोकी वीस वर्षांची आणि बिनचष्म्याची असतात.

चष्म्याचं तर विचारूच नका. वाटीच्या दाबाने चष्म्याची काडी कानशिलात रुतते, आणि त्या काडीमुळे जी फट राहते तिच्यातून आवाजाचा खालचा भाग निघून जातो. म्हणजे चष्मा लावला तर गाणं गळतं आणि काढला तर कुठलं गाणं लावलं ते दिसत नाही. त्यातून आपला मे महिना. वीस मिनिटांत दोन्ही कानांभोवती दोन गरम पोटिसं बांधल्यासारखं होतं. दुकानात माणूस हेडफोन तीस सेकंद घालून बघतो. तीस सेकंद तर कुणाचा जावईही चांगलाच वाटतो! माझं म्हणणं, चष्म्यासकट, पंखा बंद करून अर्धा तास घाला आणि मग काय ते स्टार द्या. आराम : दहापैकी तीन.

दुसरा रकाना बांधणीचा. पावसाळा सुरू झाला आणि एके सकाळी सौ. माझ्या मानेकडे बघून किंचाळली, "अहो, मुंग्या!" मुंग्या नव्हत्या. वाट्यांवरचं 'लेदर' सुटत होतं. ते गाईचंही नसतं आणि म्हशीचंही नसतं. तो असतो पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा पापुद्रा, आणि दमट हवेत, घामात त्याची रासायनिक फूट होऊन काळे खवले पडायला लागतात. जिथे चार महिने पापड वाळत नाहीत त्या आपल्या मुलखात हा माल विकणाऱ्याला नेमकी हीच कातडी का सुचावी? साधं सुती कापड लावलं असतं तर सौ.नेच धुऊन वाळत घातलं असतं.

मग बिजागरी गेली. घडी करता यावी म्हणून दिलेली बिजागरी घडी करताना मोडली, हे तिच्या बाबतीत वीरमरणच म्हणायचं. ती घेऊन मी कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेलो. या माणसाने माझा ट्रान्झिस्टर तीन वेळा मेलेला उठवला आहे. त्याने हेडफोन उलटसुलट केला, कानाशी हलवला आणि म्हणाला, "काका, हे खोलायचं कुठून? याला स्क्रूच नाही. सगळं चिकटवलंय." आतली बॅटरीही अशीच. अशी बॅटरी काहीशे वेळा भरली की तिची ताकद उतरत जाते, हा तिचा धर्म आहे; त्याबद्दल तिला बोल नाही. पण ती बदलता येऊ नये अशी समाधी बांधणं हा माणसाचा धर्म झाला. आपल्या सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, पोर्टल काढलं. उत्तम केलं. पण त्या हक्काला हात घालायचा तर आधी स्क्रू पाहिजे! बांधणी : दहापैकी दोन, आणि तेही रेडिओवाल्याने फुकट लावलेल्या गोंदाला.

आता आवाज. इथे माझं खरं भांडण आहे. खोक्यावर 'एक्स्ट्रा बेस' असं लिहिलेलं असतं आणि तरुण परीक्षक त्याच्यावरच स्टार उधळतात. छातीत धडधडलं की पाच स्टार. मंडळी, छातीत धडधडलं तर आमच्या वयात डॉक्टरला बोलावतात! मी जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या लावल्या. 1925 च्या आधी भोंग्यापुढे उभं राहून गायलेल्या त्या तबकड्यांत खोल खर्ज मुळात उमटलेलाच नाही. तिथे खर्ज फुगवला की फुगते ती घरघर. मग मल्लिकार्जुन मन्सूरांची एक मैफल लावली. तर तबल्यातला डग्गा मांडी घालून पुढे बसला आणि बुवा बिचारे मागच्या रांगेतून गाताहेत! तंबोऱ्याची जवारी तर औषधालाही नाही. टीव्हीला जोडून पाहिलं, तर आवाज पाव सेकंद उशिरा पोचतो. मालिकेत सुनेच्या थोबाडीत आधी बसते आणि आवाज मागाहून येतो. मी लिहिलं : जवारी ऐकू येत नाही, तीन गुण वजा.

शेवटी एक जादा रकाना होता : बाहेरचा आवाज अडवणे. खोक्यावर 'ई.एन.सी.' अशी अक्षरं होती. मी समजलो, आता शेजारची मिक्सरची घरघर बंद. पुढे कळलं, की बाहेरच्या आवाजावर विरुद्ध लाट सोडून तो मारतात ती 'ए.एन.सी.'; ती पंखा, विमान, बसचं इंजिन असला सलग खालचा आवाज कमी करते. 'ई.एन.सी.' निराळी. ती फोनवर आपण बोलताना पलीकडच्याला आपल्या घरातला गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून असते. म्हणजे पैसे माझे आणि शांतता व्याह्यांना! एका अक्षराचा फरक. विम्याच्या कलमात असा एक शब्द बदलला असता तर आमचे साहेब निलंबित झाले असते.

पण नुसत्या गादीच्या जाडीनेही बराच आवाज अडत होता, हे कबूल केलं पाहिजे. एका रात्री मी ते मुद्दाम तपासायला बसलो. रस्त्यावरचा ट्रक : नाही. नळाचं ठिबकणं : नाही. कुत्री : नाही. मी खूश होऊन लिहिलं, 'दहापैकी नऊ'. आणि पान उलटताना सहज मान वर केली, तर स्वयंपाकघरातला दिवा लागलेला.

सौ. ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. घामाने डबडबलेली, हात थरथरताहेत. तिला मधुमेह आहे आणि त्या दिवशी गुरुवार म्हणून जेवण नावापुरतंच झालं होतं. हेडफोन मानेवर ओढून मी धावलो. ती काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "भाकर? आत्ता?" तिने डोळे मिटले आणि बोटाने वरच्या फळीवरचा डबा दाखवला. साखरेचा.

साखर पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती सावरली. पाणी प्यायली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "चार हाका मारल्या मी." ती रागावली असती तर बरं झालं असतं. पलीकडे वहीत 'दहापैकी नऊ' तसंच उघडं पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तीच मला कान तपासायला घेऊन गेली. तिचा मुद्दा बिनतोड होता : चार हाका हेडफोनने खाल्ल्या हे मान्य, पण हेडफोन काढल्यावर 'साखर'ची 'भाकर' कुणी केली? तपासनीस बाईंनी मला एका काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि एक आलेख हातात दिला. त्यातली रेघ खालच्या स्वरांना ठीक चालत होती आणि वरच्या स्वरांना खंडाळ्याचा घाट उतरावा तशी उतरली होती. 'स', 'श', 'फ' ही मंडळी त्या वरच्या आळीत राहतात. वयाबरोबर ती आळी आधी अंधारते.

आणि तंबोऱ्याची जवारीही बऱ्याच अंशी त्याच आळीत राहते. घरी येऊन मी वही उघडली आणि ते 'तीन गुण वजा' खोडले. शेजारी लिहिलं : दावा नामंजूर, नुकसान पॉलिसी घेण्यापूर्वीचं.

यावर चिरंजीवांना वाटलं, बाबा शरण आले. अजिबात नाही! उलट माझी तक्रार आता पक्की झाली. नीट बघा. खर्ज फुगवला की मधला माणसाचा आवाज दबतो. शब्द कळेनासे झाले की माणूस बटण दाबून आवाज चढवतो. आवाज चढवला की कानाच्या आतल्या बारीक पेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मग वरचे स्वर जातात, शब्द आणखी कळेनासे होतात आणि बटण आणखी चढतं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सरळ आहे : मोठ्या माणसाने 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकायला हरकत नाही, 90 झाला की 4 तास. दहाचा फरक आणि चाळिसाचे चार! हा तक्ता कुठल्या खोक्यावर कुणी पाहिलाय का? खोक्यावर असतं 'चाळीस तासांची बॅटरी'. बॅटरी चाळीस तास चालेल हो, कान चालायला नकोत? मी निदान सहासष्ट वर्षं ऐकून घेतलं. माझा नातू अकरा वर्षांचा आहे आणि तो बटण टोकाला नेऊनच सुरुवात करतो. त्याची 'साखर' आत्तापासून 'भाकर' होऊ लागली, तर त्याला स्टार कोण देणार आणि किती?

तेव्हा तेराशे रुपयांत मला देवलोकीचं संगीत नको. तेवढ्या पैशात ते मिळणार नाही हे मला कळतं. मला एवढंच पाहिजे : कान मावेल अशी वाटी, धुता येईल असं कापड, चार स्क्रू, बॅटरी संपली तर तार लावून चालेल असं एक भोक, माणसाचा आवाज पुढे ठेवणारा आवाज, आणि आवाजाची मर्यादा बांधून घ्यायची सोय. फोनमध्ये ती बहुधा असते. नातवाच्या फोनमध्ये मी ती लावली, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. पण पुढे ऐकेल.

परीक्षकांसाठी माझ्याकडे एक चाचणी आहे, तिला यंत्र लागत नाही. मी हेडफोन घालून बसतो, एक वाटी कानावर आणि एक मुद्दाम कानामागे सरकवलेली, आणि सौ. स्वयंपाकघरातून एकच हाक मारते. मी 'ओ' दिली तर हेडफोन पास. नाही दिली तर त्याला कितीही स्टार असोत, रात्रीपुरता तो कपाटात. कानाला खडा!

परवाच ही चाचणी झाली. हाक ऐकू आली. मी लगेच हेडफोन काढला, उठलो, फळीवरचा डबा उघडला आणि चमचाभर साखर घेऊन धावत तिच्यापुढे उभा राहिलो. तिने एकदा चमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "मी भाकर म्हटलं होतं."