निकालाला न्याय म्हणू नका

२४ सप्टेंबर २००८ रोजी भंडाऱ्याच्या न्यायालयाने खैरलांजी प्रकरणात सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. 'न्याय मिळाला' असे तेव्हा अनेकांनी म्हटले. आजही म्हणतात. आम्ही म्हणत नाही. शिक्षा कमी पडली अशी आमची तक्रार नाही. शिक्षा देताना गुन्ह्याचे नावच बदलले, ही आहे.

२९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांना जमावाने ठार मारले. भैय्यालाल तेवढे वाचले. या बौद्ध कुटुंबाकडे स्वतःची शेती होती, मुले शिकत होती आणि मारहाणीच्या एका प्रकरणात मायलेकींनी गावातल्याच लोकांविरुद्ध साक्ष दिली होती. न्यायालय म्हणाले, हा त्या साक्षीचा सूड. जातीय द्वेष सिद्ध होत नाही. ॲट्रॉसिटी कायदा लागला नाही, विनयभंगाचे कलम टिकले नाही, कटही मानला गेला नाही. १४ जुलै २०१० ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांचा कारावास दिला. जातीचा मुद्दा तिथेही फेटाळला गेला.

सूड होता, मान्य. पण हीच साक्ष गावातल्या एखाद्या वजनदार घरातल्या बाईने दिली असती, तर जमाव तिच्या घरावर चालून गेला असता का? जो सूड घेताना गावाला भीती वाटत नाही, त्या सूडाला जात असतेच.

मुळात 'न्याय' हा शब्दच फसवा आहे. रीत, नियम असाही त्याचा अर्थ होतो. मोठा मासा लहान माशाला गिळतो, त्यालाही शास्त्री-पंडित 'मत्स्यन्याय' म्हणत आले! गावकीचा निवाडा आणि जातपंचायतीचा दंडही न्याय म्हणूनच मिरवले. म्हणून बाबासाहेबांनी हा शब्द कोरा घेतला नाही. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील लेखनात त्यांनी न्यायाची कसोटी लावली, ती स्वातंत्र्य, समता आणि बंधुता त्यात ओतून. संविधानाच्या प्रास्ताविकेतही न्याय या तिघांच्या आधी येतो आणि त्याला तीन विशेषणे आहेत. त्यांत पहिले 'सामाजिक'. (याच भंडाऱ्यातून १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक बाबासाहेब हरले, हे जिल्ह्यातल्या तरुणांना तरी ठाऊक असावे.) गुन्ह्यातला सामाजिक भाग वगळून दिलेली शिक्षा कितीही कठोर असो, तो निकाल आहे. त्याला निकालच म्हणावे.

शब्दांचा कीस काढतोय असे ज्यांना वाटते त्यांनी कायदा वाचावा. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(पाच) मध्ये गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'या कारणावरून' झालेला असावा, अशी अट होती. मारणाऱ्याच्या मनातले कारण सिद्ध करायचे कसे? याच अटीवर किती खटले अडले! २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती बदलली: पीडित कोणत्या जातीची आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला, एवढे पुरे. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते?

आपलीही भाषा तपासायला हवी. 'अन्याय-अत्याचार' हा जोडशब्द आपण पत्रकांत इतका घासला आहे की कोणी, कोणावर, कशासाठी हे त्यात उरतच नाही. 'न्याय द्या' असे निवेदन तहसीलदाराला देऊन फोटो काढला की काम झाले असे वाटू लागते. खरी झुंज पोलीस ठाण्यात, फिर्यादीच्या पहिल्या पानावर असते. आरोपीची जात, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, आधीचे वाद आणि धमक्या हे तिथे उतरले नाही, तर पुढे न्यायालयात 'पुरावा नाही' हे ऐकावे लागते. तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी वाचून दाखवणे आणि तिची प्रत देणे अधिकाऱ्यावर याच कायद्याच्या कलम ४ ने बंधनकारक आहे. फिर्यादीसोबत ठाण्यात जाणाऱ्या कार्यकर्त्याने ती वाचून होईपर्यंत सही करू देऊ नये, आणि प्रत हातात पडल्याशिवाय ठाण्यातून हलू नये.