मारुतीचं शेपूट

जुन्या मारुती एटहंड्रेडला ताकद वाढवायचं सामान बसवणं हा निव्वळ तोट्याचा धंदा आहे, असं माझं म्हणणं आहे. पाळधी, एरंडोल, पारोळा ते थेट धुळ्यापर्यंत कुठल्याही गॅरेजसमोर हे बोलून बघा, जवान पोरं हसतात. म्हातारा कालपर्यंत बैल हाकत होता, आज इंजिनावर बोलतो! हसू द्या. विहिरीवरचं डिझेल इंजिन आणि ट्रॅक्टर दोन्ही मी स्वतः खोलत आलो आहे. इंजिन कुठलंही असो, हवा, तेल आणि दाब या तीन गोष्टींवरच ते चालतं.

आमच्या भाऊबंदकीत एका पोराकडे 2004 सालची पांढरी मारुती आहे. विकायला काढली तर पंचावन्न हजारांच्या वर कोणी देणार नाही. पोरानं जळगावहून यादी करून आणली: उघडा एअर फिल्टर, जाड पाइपाचा सायलेन्सर, तेरा इंची अलॉय चाकं, रुंद टायर, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. बेरीज सत्तर हजार. "आप्पा, गाडीले पिकपच नही शे," हे त्याचं कारण. सत्तर हजार म्हणजे सात हजारांच्या भावानं दहा क्विंटल कापूस. कोरडवाहूत दोन-अडीच एकर रान वर्षभर राबतं तेव्हा तेवढा घरात येतो, आणि त्यातून खत, फवारणी, वेचणी वजा करायची ती वेगळीच.

आता एकेक घ्या.

तो उघडा फिल्टर बॉनेटखाली, तापलेल्या इंजिनाशेजारी बसतो. कंपनीचा डबा नळीनं बाहेरची हवा ओढतो, हा इंजिनानं भाजलेली हवा ओढतो. गरम हवा पातळ असते, पातळ हवेत पेट्रोल कमी जळतं, म्हणजे ताकद घटते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तिथं बॉनेटखाली काय भट्टी असेल ते सांगायला नको. वर काळ्या रानाची धूळ. जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरमध्ये तेलाची वाटी असते. मळणीच्या दिवसांत ती रोज उघडून बघावी लागते, तळाला काळा चिखल बसलेला असतो. तीच धूळ मोटारीच्या सिलिंडरमध्ये गेली की रिंगा कानशीनं घासल्यासारख्या झिजतात. पोराला आवाज मोठा येतो म्हणून वाटतं, गाडी पळाली.

सायलेन्सरचंही तेच. त्यानं दोन-तीन घोडे वाढले तरी खूप झाले, ते गाडीत बसलेल्याला कळणारही नाहीत. कळतो तो फक्त आवाज, आणि तो गावातल्या प्रत्येक तान्ह्या लेकराला कळतो. पाइपासोबत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून फेकला की पीयूसीचं काय करणार?

रुंद टायरनं स्टेअरिंग जड होतं, या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही हे विसरू नका. मायलेज पडतं, बेअरिंगवर भार येतो, चाकाचा घेर वाढला तर स्पीडोमीटर खोटं बोलतो. आणि गाडी खाली बसवली की आमच्या नाल्यावरच्या फरशा आणि गावोगावचे उंट-पाठीचे स्पीडब्रेकर आहेतच, तेलाची टाकी घासायला.

एवढं करून मन भरत नाही. मग कोणीतरी सांगतो, झेनचं चार सिलिंडरचं इंजिन टाक. 796 सीसीच्या जागी 993 सीसी. मग क्लच पुरत नाही, गिअरबॉक्स बदला, रेडिएटर मोठा करा, माउंटिंग कापा, वेल्डिंग करा. मारुतीच्या शेपटासारखं हे लांबतच जातं. लंकेत शेपटाला गुंडाळायला कापडं आणि तेल रावणाचं होतं, इथं बापाचं आहे.

आता रस्ता घ्या. जळगाव ते धुळे नव्वदएक किलोमीटर. साठच्या सरासरीनं दीड तास लागतो, सत्तरच्या सरासरीनं सत्त्याहत्तर मिनिटं. तेरा मिनिटं वाचली. पारोळ्याला चहा प्यायला थांबलं की ती गेली. पण ऐंशीनं धावणाऱ्या गाडीला थांबायला साठच्या मानानं जवळपास पावणेदोनपट जागा लागते, आणि साठचं एकशेवीस केलं तर चौपट. वेग दुप्पट, ब्रेकचं अंतर चौपट, हे गणित जाहिरातीत कोणी लिहीत नाही. त्यात आमच्या हायवेवर कापसाची ट्रॉली रात्री मागच्या दिव्याविना चालते. चाक बारा इंची, मागे ड्रम ब्रेक, साडेसहाशे किलोंच्या आसपासचा पत्रा. कंपनीनं ब्रेक दिले ते सदतीस घोड्यांच्या इंजिनाला.

पोरं इंग्लंडच्या मिनीचा दाखला देतात. बरोबर आहे, जॉन कूपरनं 1961 ला त्या चिमुकल्या गाडीत जोरदार इंजिन घातलं आणि 1964 ला मिनी कूपर एसनं मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली. पण इंजिन वाढवलं तेव्हाच पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसवले, ही अर्धी गोष्ट ते गाळतात. आमच्या पोराच्या यादीत ब्रेक हा शब्दच नव्हता.

घोड्यांच्या आकड्याचंही जरा समजून घ्या. पस्तीस घोड्यांचा ट्रॅक्टर नांगर ओढतो, जवळजवळ तेवढ्याच घोड्यांची मारुती भरल्या ट्रॉलीला हलवू शकणार नाही. ट्रॅक्टर सावकाश फिरून जोर लावतो, मारुती भराभर फिरून पळते. आणि ही गाडी 1983 च्या डिसेंबरात बाजारात आली ती पळापळीसाठी नव्हे. मध्यम माणसाच्या घरात चार चाकं यावीत, पेट्रोल कमी लागावं, कुठल्याही खेड्यातल्या मिस्त्रीला ती उघडता यावी, यासाठी आली. 2014 ला ती बनायची थांबली, तरी आज धरणगावलाही तिचं सामान मिळतं. जोडतोड केलेल्या गाडीला हात लावायला मात्र मिस्त्री तयार होत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ बनावटीत मन मानेल तसा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. विमा कंपनीला न सांगता इंजिन बदललं आणि अपघात झाला, तर ती हात वर करायला मोकळी. शिवाय पंधरा वर्षं झालेल्या मोटारीची नोंदणी नवी करायची फी 2022 च्या एप्रिलात सहाशेची पाच हजार झाली होती. तपासणीला गाडी घेऊन जाल तेव्हा साहेब ते इंजिन बघणारच.

मग पिकप नाही त्याचं काय? मी त्या गाडीला जॅक लावला आणि मागचं चाक हातानं फिरवलं. अर्धा फेरा मारून थांबलं. ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले. म्हणजे गडी रोज ब्रेक दाबूनच गाडी चालवत होता, आणि वर घोडे विकत घ्यायला निघाला होता! प्लग काजळलेले, टॅपेटचा खडखड आवाज, क्लच घसरतोय. जुन्या गाडीची ताकद कमी पडत नाही, ती गळालेली असते. ती आधी परत आणा. शू, प्लग, टॅपेट, क्लच प्लेट, रेडिएटर साफ, मूळ मापाचे चार चांगले टायर, लख्ख हेडलाइट. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघा, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि 2004 च्या रबराला त्याची सवय नाही. त्यातलं काही इथेनॉल आमच्याच मक्याचं, म्हणून मी तक्रार करत नाही, नळ्या बदला एवढंच म्हणतो. सगळं धरून सत्तर हजारांच्या निम्म्याच्या आत काम होतं.

राहिली हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, मान्य. पोळ्याला आम्हीही बैलाची शिंगं रंगवतो, झूल घालतो, घुंगरमाळा बांधतो. पण त्यानं बैलाची ताकद वाढली असं कोणी सांगत नाही, आणि त्या घुंगरांसाठी पेंडीचे पैसे कोणी मोडत नाही. त्यानंही खुशाल गाडीला रंग द्यावा, चांगला टेप बसवावा. टेपचे पैसे मी देतो. आधी मागच्या ड्रमचं काम होऊ दे.