देणारा, घेणारा आणि वस्तू

‘दामेलो’ हा शब्द स्पॅनिश भाषेच्या वर्गात प्रथम कानी पडला की मराठी विद्यार्थी शब्दकोश उघडतो, आणि तो शब्द तेथे त्याला सापडत नाही. कारण तो एक शब्द नाहीच. ‘दा’ म्हणजे दे, ‘मे’ म्हणजे मला आणि ‘लो’ म्हणजे ते. मराठीत ‘मला ते दे’ असे तीन सुटे शब्द येतात व क्रियापद शेवटी बसते. स्पॅनिशमध्ये आज्ञार्थी क्रियापद पुढे असते आणि सर्वनामे त्याच्या मागे चिकटवूनच लिहिली जातात. पोर्तुगीज भाषेत, म्हणजे गोव्यात १९६१ पर्यंत राज्यकारभाराची असलेल्या भाषेत, अशा ठिकाणी निदान जोडरेघ घालतात. स्पॅनिश तेवढीही सवलत देत नाही.

क्रम मात्र ठरलेला आहे. घेणारा आधी, वस्तू नंतर. सर्वनामे कितीही जोडली तरी आघात मूळ क्रियापदावरच राहतो, म्हणून लिहिताना ‘दा’च्या स्वरावर एक तिरपी रेघ देतात. ती नसेल तर नियमाप्रमाणे जोर ‘मे’वर जाईल आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ उडेल.

व्यापारी घरातील मुलाने लक्ष द्यावे असे येथे बरेच आहे. ‘दामेलो’ हे मित्राला म्हणावयाचे. वयस्कर ग्राहकाला ‘देमेलो’ म्हणावे लागते. आपल्याकडे ‘दे’ आणि ‘द्या’ यांत जे अंतर आहे तेच तेथे पहिल्या स्वरात साठवलेले असते. शेवटचा स्वरही कामाचा असतो. पार्सलाला स्पॅनिशमध्ये ‘पाकेते’ म्हणतात व तो शब्द पुल्लिंगी आहे. बिलाला ‘फाक्तूरा’ म्हणतात, तो स्त्रीलिंगी. दोन्हींचा विषय निघाल्यावर समोरचा ‘मांदेमेलो’ म्हणाला तर त्याला पार्सल पाठवून हवे आहे, ‘मांदेमेला’ म्हणाला तर बिल. एका स्वराच्या चुकीने माल गोदामात पडून राहतो आणि बिल तेवढे पोहोचते.

खरी अडचण तिसऱ्या माणसापाशी येते. त्याला, तिला किंवा त्यांना देण्यासाठी ‘ले’ व ‘लेस’ ही सर्वनामे आहेत; पण पुढे ‘लो’ किंवा ‘ला’ आले की त्या दोहोंच्या जागी ‘से’ येते. ‘ले लो’ कानाला बरे वाटत नाही म्हणून हा बदल झाला, असे वर्गात सांगून वेळ मारून नेतात. वास्तविक मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये या जागी ‘गे’ असे लिहिले जाणारे निराळे रूप होते. पुढे उच्चार बदलत गेले आणि ते ‘से’मध्ये मिसळून गेले. व्यवहारात त्याचा परिणाम असा की ‘मांदेसेलो’ म्हटले म्हणजे वस्तू पाठवावयाची हे कळते. ती एका पुरुषाला, एका स्त्रीला की अनेकांना, हे कळत नाही. धनादेशावर रक्कम अचूक लिहून आदात्याच्या नावाची जागा कोरी सोडावी, तसाच हा प्रकार. जाणते लोक म्हणूनच पुढे नाव जोडतात: ‘मांदेसेलो आल क्लिएंते’, म्हणजे ते ग्राहकाला पाठवा. नाव आले तरी ‘से’ जागेवरच राहतो. विद्यार्थ्याला ही पुनरुक्ती वाटते आणि तो एक शब्द गाळू पाहतो. तेथील माणसाला मात्र ते वाक्य मग लंगडे वाटते.

नकार आला की सारी मांडणी उलटते. ‘मांदेमेलो’ म्हणजे मला पाठवा. ‘नो मे लो मांदे’ म्हणजे पाठवू नका. सर्वनामे सुटी होऊन क्रियापदाच्या पुढे येतात. या नियमाला विद्यार्थी कंटाळतात, परंतु दूरध्वनीवर तोच कामाला येतो. खरखरीत ‘नो’ हरवला तरी ‘मे लो’ने सुरू झालेले वाक्य ‘पाठवा’ अशी आज्ञा असू शकत नाही, हे तयार कानाला उमगते. अशा वेळी माल रवाना करण्यापूर्वी पुन्हा विचारून घेणे शहाणपणाचे.

पूर्वी हे चिकटणे आज्ञेपुरते मर्यादित नव्हते. सर्व्हान्तेस यांच्या ‘दोन किहोते’ या १६०५ च्या कादंबरीत ‘दीहोले’, म्हणजे ‘त्याला म्हणाला’, अशी भूतकाळी रूपे सहज येतात. आजच्या बोलीत ती गेली. काही जोड मात्र इतके पक्के झाले की त्यांची नामेच बनली. कोणी निवर्तल्यावर जे सांत्वन करावयाचे त्याला ‘पेसामे’ म्हणतात. मुळात त्याचा अर्थ ‘मला भार होतो’ एवढाच. आणि इकडची गोष्ट तिकडे पोहोचवणाऱ्या चहाडखोराला तेथे ‘कोर्रेवेइदीले’ म्हणतात: धाव, जा आणि त्याला सांग.